मोबाईलवर लिनक्स चालवताय? मग या चुका टाळा

लॅपटॉप नाही म्हणून आमच्या नांदेडकडची बरीच पोरं लिनक्स शिकायचं पुढं ढकलायलेत, बघून जीव तुटतो. अरे, साध्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (फोनवर लिनक्सच्या कमांड चालवायचं अॅप) टाकलं की पायथन, गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), सी चा कंपायलर सगळं चालतं, फोन रूट पण करायचं नाही, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायची गरज नाही.

पहिली गडबड इन्स्टॉल करतानाच होते. टर्मक्स एफ-ड्रॉइड ह्या अॅप स्टोअरवरून घ्या नाहीतर गिटहब ह्या कोडच्या साईटवरून, पण जिथून घेतलं तिथूनच टर्मक्स-एपीआय वगैरे जोड-अॅप घ्या, दोन्हीकडची डिजिटल सही वेगळी असते त्यामुळं मिसळ केली की इन्स्टॉलच होत नाही.

सगळ्यात जास्त रडवतो तो 'सिग्नल 9', म्हणजे सिस्टिमनं प्रोसेस जबरदस्तीनं मारल्याचा मेसेज. प्रूट-डिस्ट्रोनं (टर्मक्समधी रूटशिवाय पूर्ण लिनक्स टाकायचं साधन) डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, व्हीएनसीवर (स्क्रीन दाखवणारं अॅप) डेस्कटॉप उघडला, आणि मधीच सगळं गपकन बंद! लोकं रॅमला दोष देतात, फोन बदलायचं बोलतात, पण बऱ्याचदा कारण वेगळंच असतं बरं का: अँड्रॉइड 12 पासून सगळ्या अॅपच्या मिळून 32 च्या वर चाइल्ड प्रोसेस (अॅपनं आतून सुरू केलेले प्रोग्राम) झाल्या की सिस्टिम जास्तीच्या मारून टाकते. बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, वेक लॉक (फोन झोपू न देणारी सोय) लावा, ते चांगलंच आहे पण ह्यावर इलाज नाही. अँड्रॉइड 14 किंवा त्याच्या पुढचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधी चाइल्ड प्रोसेसचं बंधन काढायचं बटण बघा, 12-13 वाल्यांना बहुतेक वेळा एडीबीच्या (फोनला बाहेरून कमांड द्यायचं साधन) कमांडनं करावं लागतं.

प्रोजेक्ट फोनच्या डाउनलोड फोल्डरात ठेवू नका. तिथं सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडं बोट दाखवणारी फाईल) बनत नाही, फाईल प्रोग्राम म्हणून चालत नाही, म्हणून पायथनचं व्हेन्व (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) आणि एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेज टाकायचं साधन) दोन्ही एरर देतात. टर्मक्सच्या होम फोल्डरमधीच काम करा, फक्त अॅप अनइन्स्टॉल केलं की होम पण जातं, म्हणून कोड गिटनं गिटहबवर ढकलत जा.

प्रूटमधी सिस्टिमसीटीएल (सर्व्हर चालू-बंद करायची लिनक्सची कमांड) चालत नाही, सर्व्हर हातानं सुरू करा, आणि त्याला 80 नाही, 8080 पोर्ट (सर्व्हरचा दार-क्रमांक) द्या. बहुतेक फोनसाठी पॅकेज एआरएम64 ह्या मोबाईल प्रोसेसरचं घ्या, कॉम्प्युटरचं एएमडी64 चालणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, घरात एकच फोन असेल तर त्यावर पोस्टमार्केटओएस (अँड्रॉइड काढून त्या जागी टाकायचं लिनक्स) फ्लॅश करायला जाऊ नका. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम उघडणारा प्रोग्राम) अनलॉक केला की बहुतेक फोनमधला डेटा पुसला जातो, कित्येक मॉडेलवर कॅमेरा, कॉल धड चालत नाही, बँकेचं अॅप तर विसराच. कपाटात पडलेला जुना फोन काढा, पोस्टमार्केटओएसच्या विकीवर त्याच मॉडेलचं पान उघडून काय काय चालतं ते आधी वाचा, मगच केबल लावा.