आत्मविश्वासासाठी 'जमलं'ची वही
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारे असोत की हिंजवडीत मुलाखतीला निघालेले, आरशासमोर 'मला जमणारच' घोकून फारसं हाती लागत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की स्वतः पार पाडलेलं काम हाच आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार. म्हणून रोज रात्री वहीत जमलेली एकच गोष्ट लिहा, पण मोजता येईल अशी: 'छान अभ्यास झाला' नको, '४० पैकी २७ गणितं बरोबर, ५० मिनिटांत' हवं. शेजारी अडलं कुठे, तेही. उद्याचं काम किंचितच अवघड ठेवा, पहिल्याच आठवड्यात दहा तासांचं वेळापत्रक आखलं (भिंतीवर दिसतं झकास!) की ते मोडतं आणि वहीही बंद पडते. मुलाखतीच्या आदल्या रात्री हीच पानं चाळा.