दुनळी आपल्याकडे वळली तर

रानडुकरांच्या त्रासामुळे आपल्या भागात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, दिसते (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप). मातीच्या तबकड्यांवर सराव असो की धुऱ्यावरची राखण, माणूस बोलायला मागे वळतो अन् नळीही त्याच्यासोबत वळते. तेव्हा गप्प बसू नका. वयाचा मान आड येतो, कळतं मला. तरी आधी स्वतः बाजूला सरका, मग शांत आवाजात म्हणा, "काकाजी, नळी खाली घ्या जी, अन् बंदूक उघडून ठेवा." मागून जाऊन हात धरू नका; दचकून बोट चापावर जातं.

"रिकामीच आहे" एवढ्यावर भागत नाही. दुनळी उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. काडतूस उडालं नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा, मगच उघडा.

अन् 12 बोअरची काडतुसं ज्या खिशात, त्याच खिशात 20 बोअरची अजिबात नकोत. 20 बोअरचं काडतूस बारीक असतं, ते 12 बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून दुसरं भरून उडवलं तर नळी फुटते.

एवढं सांगूनही ऐकलं नाही, तर सगळ्यांना मागे घ्या, सराव तिथंच थांबवा.