गरम पाण्याची जुनी व्यवस्था बदलताना: आधी मोजमाप, मग यंत्र

गिझर गळू लागला किंवा त्याची कॉइल जळाली की त्याच दिवशी दुसरा बसवण्याची घाई होते, आणि घाईत आणलेला गिझर बहुधा जुन्याच प्रकारचा असतो. कमी ऊर्जेत चालणारी व्यवस्था घरात आणायची असेल, तर जुने उपकरण धडधाकट असतानाच तिची आखणी सुरू करावी, कारण छताची पाहणी, नळजोडणीतील फेरफार आणि वायरिंगची तपासणी ही कामे गार पाण्याने अंघोळ करत उरकण्यासारखी नसतात. या आखणीत यंत्राची निवड सर्वांत शेवटी येते. त्याआधी घरात गरम पाणी नेमके किती लागते आणि त्यातील किती उष्णता वाया जाते, हे मोजावे लागते.

त्यासाठी लागणारे गणित अगदी थोडे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमधून, म्हणजे एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालवणाऱ्या विजेतून, सुमारे ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला ३,५०० किलोकॅलरी, अर्थात सुमारे ४.१ युनिट वीज लागते. कॉइल विजेचे रूपांतर जवळजवळ पूर्णपणे उष्णतेत करते, त्यामुळे एका कंपनीची कॉइल दुसरीपेक्षा कमी विजेत तेवढेच पाणी तापवते, या दाव्याला अर्थ नाही. बचतीच्या जागा तीनच आहेत: गरम पाणी कमी वापरणे, तापवलेल्या पाण्याची उष्णता वाया जाऊ न देणे, आणि उष्णता विजेतून न घेता सूर्याकडून किंवा हवेतून घेणे.

पहिल्या जागेची सुरुवात शॉवरपासून करावी. दहा लिटरची बादली शॉवरखाली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे. चाळीस सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ लिटर पाणी पडत आहे. आठ मिनिटांच्या अंघोळीला असे १२० लिटर जातात, आणि २० अंशांचे पाणी ४० अंशांवर आणायचे असेल तर त्यापोटी २.८ युनिट उष्णता खर्च होते. तोच शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडणारा असेल तर पाणी ६४ लिटर आणि उष्णता १.५ युनिट लागते. एवढा फरक पाडणारा दुसरा इतका सोपा बदल मला माहीत नाही. मात्र घरात तात्काळ पाणी तापवणारा गॅस गिझर असेल, तर तो किती प्रवाहाला पेट घेतो हे आधी पाहावे, कारण प्रवाह त्याहून कमी झाला की ज्योत लागतच नाही.

दुसरी जागा टाकीची. टाकीतून रोज किती उष्णता झिरपते, हे कोणत्याही खास उपकरणाशिवाय कळू शकते. रात्री पाणी पूर्ण तापून थर्मोस्टॅटने कॉइल बंद केली की गिझरचे बटण बंद करावे, सकाळपर्यंत पाणी वापरू नये, आणि सकाळी नळ न उघडता बटण चालू करून दिवा विझेपर्यंत किती मिनिटे जातात ते घड्याळात पाहावे. दोन किलोवॉटची कॉइल २१ मिनिटे चालली, तर एका रात्रीत ०.७ युनिट उष्णता भिंतीला आणि हवेला गेली. गिझर दिवसभर चालू ठेवला तर वीज वाचते, ही समजूत बरीच पसरलेली आहे, पण ती चुकीची आहे. टाकीतील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरक जितका मोठा, तितकी गळती जास्त. म्हणून निवत गेलेली टाकी कमी उष्णता गमावते आणि ती पुन्हा तापवण्याचा खर्च सतत गरम ठेवण्याच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

पाइपातील नुकसान लक्षात येत नाही, कारण ते थंड पाण्याच्या रूपात मोरीत वाहून जाते. आतला व्यास १५ मिलिमीटर असलेल्या १५ मीटर लांब पाइपात सुमारे २.७ लिटर पाणी मावते. नळ उघडल्यावर तेवढे थंड पाणी आधी सोडावे लागते, आणि नळ बंद केल्यावर तेवढेच गरम पाणी पाइपात निवत राहते. म्हणून नवी व्यवस्था आखताना टाकी आणि सर्वांत जास्त वापराचा नळ यांच्यातील अंतर जितके कमी करता येईल तितके करावे, गरम पाण्याचा पाइप गरजेपेक्षा जाड घेऊ नये, आणि पूर्ण लांबीला, निदान टाकीजवळच्या भागाला तरी, इन्सुलेशन म्हणजे उष्णतारोधक आवरण चढवावे.

तापमान कमी करून वीज वाचवण्याचा मोह मात्र मर्यादेत ठेवावा. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, आणि अशा पाण्याचे तुषार श्वासातून गेले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. साठवणीच्या टाकीतील पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते, म्हणून टाकीनंतर गार पाणी मिसळून ठरावीक तापमानाचेच पाणी पुढे सोडणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. लहान मुले किंवा वयोवृद्ध माणसे असलेल्या घरात त्याला पर्याय नाही.

ही कामे केल्यावर गरजेचा आकडा बराच खाली येतो आणि मगच यंत्राचा आकार ठरवावा. ६० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यात निम्मेनिम्मे मिसळले की ४० अंशांचे होते, त्यामुळे अंघोळीला १२० लिटर लागत असतील तर टाकीतून ६० लिटरच जातात. दिवसाच्या एकूण बेरजेइतकेच महत्त्व सर्वांत गर्दीच्या तासाला द्यावे.

आता तिसरी जागा, म्हणजे यंत्रे. माझ्या मते, ज्या घरात मोकळी हवा खेळणारी जागा आहे आणि टाकी ठेवायला अडचण नाही, तिथे हीट पंपाचा विचार सर्वांत आधी करावा. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप त्याच पद्धतीने बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवण्यासाठी लागते, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. वरच्या उदाहरणातील ४.१ युनिटांचे काम सीओपी ३ असताना सुमारे १.४ युनिटांत होते. हा आकडा स्थिर नसतो. हवा थंड झाली किंवा पाणी जास्त तापवायचे असले की तो घसरतो, त्यामुळे माहितीपत्रकावरील सीओपी कोणत्या हवेसाठी आणि किती अंशांच्या पाण्यासाठी दिला आहे, हे विचारल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना करू नये.

हीट पंप सावकाश चालतो, आणि या स्वभावाची जाणीव नसेल तर निराशा होते. सुमारे दोन किलोवॉट उष्णता देणाऱ्या घरगुती यंत्राला २०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला चार तास लागतात. म्हणून टाकी ऐसपैस घ्यावी आणि यंत्र टायमर लावून दुपारी, हवा सर्वांत उबदार असताना चालवावे. छतावर सौर विजेचे पॅनेल असतील तर तीच वेळ दुहेरी फायद्याची ठरते. बहुतेक यंत्रांत मदतीला साधी कॉइलही असते. ती आपोआप सुरू होणाऱ्या मोडवर ठेवली, तर हीट पंप घेऊनही बिल साध्या गिझरसारखेच येऊ शकते, त्यामुळे बसवणाऱ्याकडून ते सेटिंग समोर बसून समजून घ्यावे. यंत्रातून थंड हवा बाहेर पडते, पंख्याचा आवाज सतत येतो आणि हवेतील बाष्पाचे पाणी ठिबकते. झोपण्याच्या खोलीला लागून असलेली भिंत टाळावी आणि ठिबकणाऱ्या पाण्यासाठी उताराचा निचरा काढावा. लहान, बंद खोलीत यंत्र ठेवले तर ते स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत राहते.

हीट पंपात उष्णता वाहून नेणारा वायूही विचारात घ्यावा. आर-१३४ए हा बराच वापरला गेलेला वायू हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, या बाबतीत फार सौम्य आहे, मात्र ज्वलनशील असल्यामुळे त्याचे यंत्र उत्पादकाच्या सूचनेतील अंतरे काटेकोरपणे पाळूनच बसवावे. कार्बन डायऑक्साइडवरच चालणारे घरगुती हीट पंप जपानमध्ये २००१ पासून ‘इकोक्यूट’ या नावाने विकले जातात, आणि ते पाणी ९० अंशांपर्यंत तापवू शकतात.

छतावर दिवसभर ऊन असेल, तर सोलर वॉटर हीटरला तोड नाही. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये काचेच्या पेटीत टाक्या बसवलेल्या सौर बंबाचे पेटंट घेतले, पण त्यातले पाणी रात्री निवून जाई. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी करून टाकीला इन्सुलेशन दिले, आणि तीच रचना आजही चालते. यावरून विकत घेताना कशाकडे पाहावे हेही कळते: तापवणाऱ्या भागाबरोबरच टाकीच्या इन्सुलेशनची जाडी विचारावी. सपाट पॅनेलच्या प्रकारात १०० लिटरमागे साधारण दोन चौरस मीटर पॅनेल लागते. त्याचे तोंड विषुववृत्ताच्या दिशेला असावे आणि कल त्या ठिकाणाच्या अक्षांशाइतका. हिवाळ्यात जास्त पाणी हवे असेल तर दहा-पंधरा अंश अधिक. सावलीची पाहणी हिवाळ्यात, सावल्या सर्वांत लांब असताना, सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान करावी. पंपाशिवाय चालणाऱ्या रचनेत गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, म्हणून टाकी पॅनेलच्या वरच असावी लागते. २०० लिटरच्या टाकीतील पाण्याचेच वजन २०० किलो असते, तेव्हा ते छत पेलेल का, याची खात्री अभियंत्याकडून करून घ्यावी.

पाणी क्षारयुक्त असेल, तर सपाट पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या काही काळाने चोंदतात. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर असलेली रचना घ्यावी, ज्यात पॅनेलमधून वेगळाच द्रव फिरून आपली उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो आणि वापराचे पाणी पॅनेलमधून फिरतच नाही. पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल तिथेही हीच रचना गोठणरोधक द्रवासह लागते. ढगाळ दिवसांसाठी असलेली कॉइल पहाटे आपोआप चालू होऊ देऊ नये, कारण सकाळीच टाकी तापली तर दिवसभराच्या उन्हाला तापवायला काही उरत नाही. संध्याकाळी पाणी तपासून, गरज असली तरच ती लावावी.

तात्काळ तापवणाऱ्या विजेच्या गिझरमध्ये साठवणीची गळती नसते, पण मिनिटाला ८ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास १४ किलोवॉट भार लागतो, जो अनेक घरांच्या जोडणीला पेलत नाही. दूरच्या एकट्या बेसिनसाठी छोटा गिझर ठीक. गॅस सोडता येत नसेल, तर कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातील वाफेची उष्णताही वापरणारा, आणि धूर थेट बाहेर नेणारा गिझर घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे उघड्या ज्योतीचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही असू नये.

बसवण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे. स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांची चाचणी विद्युततंत्र्याकडून करून घ्यावी. २०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की ते सुमारे तीन लिटरने फुगते, आणि त्या दाबाला वाट हवी असते. म्हणून प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बूच मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा; त्याचा पाइप मोकळ्या जागी, दिसेल असा काढावा. पहिल्या महिन्यात मीटरचे आकडे दर आठवड्याला लिहून ठेवावेत आणि टायमरच्या वेळा त्यानुसार हलवाव्यात. टाकीतील मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो, म्हणून तो एक-दोन वर्षांतून काढून पाहावा आणि आतली तार उघडी पडण्याआधी बदलावा. त्याच वेळी वीज बंद करून, पाणी निवल्यावर, तळाच्या व्हॉल्व्हमधून साचलेला गाळ पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यावा.