बॅरलचे लिटर करताना आधी बॅरल कुठला ते बघा

बातम्यांत कच्च्या तेलाचा भाव ज्या बॅरलवर सांगतात तो ४२ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे १५८.९८७ लिटरचा. हिशेबाला १५९ धरा. तोंडी करायचं तर बॅरलच्या आकड्याला १६० ने गुणा आणि तोच आकडा वजा करा: २५ बॅरल म्हणजे ४००० वजा २५, ३९७५ लिटर. लिटरचे बॅरल हवे असतील तर १५९ ने भागा. झालं.

घोळ होतो तो आपल्या अंगणातल्या बॅरलमुळे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे दारोदारी निळी प्लास्टिकची बॅरलं दिसतात. त्यांना १५९ लावू नका. ती बहुतेक २०० लिटरच्या आसपासची असतात. लोखंडी ड्रम ५५ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे साधारण २०८ लिटरचा. जुनं बॅरल घेताना तळाशी किंवा अंगावर उमटवलेला आकडा वाचा. दुकानदाराच्या 'दोनशेचंच हाय की'वर जाऊ नका. आणि आधी त्यात काय होतं तेही विचारा. केमिकलचं असेल तर पिण्याच्या पाण्याला नकोच.

अर्धवट भरलेल्या लोखंडी ड्रमात किती उरलंय हे कळायला सरळ काठी तळापर्यंत बुडवा आणि ओली झालेली लांबी टेपने मोजा. आतला व्यास ५७ सेंटिमीटर असेल तर दर सेंटिमीटरला सुमारे अडीच लिटर. काठी ४० सेंटिमीटर भिजली तर जवळपास १०० लिटर शिल्लक. निळ्या बॅरलला पोट असतं, तिथे हा हिशेब थोडा इकडे-तिकडे होतो.