मूलपेशी 'जाग्या' करण्याच्या नादात होणाऱ्या चुका

वारंवार सर्दी-ताप येऊ लागला की 'प्रतिकारशक्ती कमी झाली' असा निष्कर्ष काढला जातो आणि शरीरातल्या झोपलेल्या मूलपेशी (ज्यांपासून इतर पेशी निपजतात त्या पेशी) जाग्या करणारी एखादी महागडी कॅप्सूल कुणीतरी सुचवतेच. या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो फसवा ठरतो. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांमधल्या मगजातल्या, बहुतेक रक्तजनक (रक्तपेशी तयार करणाऱ्या) मूलपेशी खरोखरच विश्रांतीत असतात. पण ही विश्रांती म्हणजे दोष नव्हे, तर आयुष्यभर पुरवायचा राखीव साठा होय. रोज लागणाऱ्या अब्जावधी पांढऱ्या पेशी तयार करण्याचे काम मुख्यतः या मूलपेशींपासून निपजलेल्या पुढच्या पिढ्यांतल्या पेशी करतात. मूळ पेशींना सतत कामाला जुंपले, तर त्या थकतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे त्यांना जागे करणे हे मुळात उद्दिष्टच असू नये.

दुसरी चूक सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल वाचताना होते. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा दर मायक्रोलिटर रक्तात 4,200 असला, तर तो सर्वसाधारण मर्यादेत बसतो आणि अहवाल फाइलमध्ये जातो. मात्र त्यांतील न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणारा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 30 टक्केच असतील, तर त्यांची प्रत्यक्ष संख्या 1,260 भरते आणि प्रौढांसाठी सामान्यतः धरल्या जाणाऱ्या 1,500 या खालच्या मर्यादेपेक्षा ती कमी असते. म्हणून एकूण आकड्याला टक्केवारीने गुणून पाहावे आणि संख्या कमी निघाल्यास काही दिवसांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण साध्या विषाणूजन्य तापानंतरही ती तात्पुरती घटते. उलट, स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचा आकडा वाढलेला दिसतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी प्रवाहात उतरल्यामुळे. संसर्गाशी लढण्याची त्याची क्षमता तेव्हा घटलेलीच असू शकते.

अस्थिमज्जेला चालना नव्हे, कच्चा माल लागतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. पेशी विभागताना डीएनएची प्रत तयार व्हावी लागते व त्यासाठी बी12 आणि फॉलिक ॲसिड दोन्ही आवश्यक असतात. बी12 वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे दूध-दहीही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता सहज निर्माण होते आणि ती तीव्र झाल्यास तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही घटतात. अशा वेळी बी12 न तपासता केवळ फॉलिक ॲसिड सुरू केल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. कोविडकाळात लागलेली झिंकची सवयही तपासून पाहावी. रोज 50 मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने घेतल्यास तांबे आतड्याच्या पेशींतच अडकून पडते, शरीरात त्याची कमतरता होते आणि तिच्यामुळे न्यूट्रोफिलच घटू शकतात. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेल्या गोळीनेच ती कमी व्हावी, हा प्रकार विचित्र असला तरी वैद्यकशास्त्राला तो चांगला परिचित आहे.

मूलपेशींचा सिद्ध झालेला उपचार वेगळाच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून भारतात ल्युकेमिया, थॅलेसेमिया अशा रक्ताच्या आजारांत ही पद्धत रुजत गेली. तिच्यात प्रतिकारयंत्रणा जणू नव्याने उभी राहते, इतकी की बालपणीच्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी मूलपेशींचे इंजेक्शन देऊ करणाऱ्या दवाखान्यांचा या उपचाराशी काही संबंध नाही.

सर्वांत धोकादायक चूक मात्र तापाच्या बाबतीत होते. केमोथेरपी घेणाऱ्याने, तसेच थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्याने, ताप किंवा घसादुखी सुरू होताच घरी पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नये, कारण या दोन्ही औषधांनी न्यूट्रोफिल झपाट्याने खाली येऊ शकतात आणि पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी संसर्ग आत वाढतच राहतो. त्याच दिवशी सीबीसी करून घ्यावी; केमोथेरपीच्या रुग्णाने तर 100.4 अंश फॅरनहाइटला पोचताच, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.