गणपतीला गावी जाताय? आईबाबांचा फोन जरा हातात घ्या

आपण बसलोय मुंबईत आणि गावी आईबाबांच्या फोनवर काय येतं ते आपल्याला कळतच नाही, म्हणून यंदा गेलात की पहिलं सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप आणि क्रोमला अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परमिशन असेल तर ती बंद करा. पीएम किसानचा हप्ता, लाइटबिल, लग्नपत्रिका अशा नावाने एपीके फाइल (म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाइल) येते, दाबली आणि इन्स्टॉल झाली की ओटीपीचे मेसेज परस्पर ती पाठवणाऱ्या भामट्याकडे. लग्नपत्रिका कधी एपीके असते का हो!

दुसरं, 'मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय' असा व्हिडिओ कॉल आला तर सरळ कट करायचा, डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असलं काही कायद्यात नाहीच. गावात मुंबई पोलिसांचं नाव ऐकलं की माणूस घाबरतो, हेच या भामट्यांना पाहिजे असतं. शंका वाटलीच तर पोलीस पाटलांना विचारा, ते गावातच असतात.

आणि पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, हे बाबांकडून दोनदा वदवून घ्या.

१९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर 'पैसे गेले' याच नावाने सेव्ह करा, घाबरलेल्या माणसाला सायबर हेल्पलाइन वगैरे आठवत नाही, आणि लगेच फोन केला तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याचा चान्स असतो.