क्लबतर्फे अन्नवाटप करताय? आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

आमचा क्लब सांगलीतला, सकाळी फिरायला येणाऱ्यांचा. पंचवीस-तीस जण असतील, त्यात रिटायर्ड मास्तर आहेत, दुकानदार आहेत, दोन सिस्टर आहेत आणि एक केटरिंगवाले काका आहेत, ज्यांच्यामुळे आमचं निम्मं काम निभावतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, निम्मं गाव पाण्यात होतं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा एकत्र स्वयंपाक केला आणि तेव्हापासून ते सुटलेलं नाही. रविवारी मिरजेत दवाखान्याबाहेर थांबलेल्या पेशंटच्या नातेवाईकांना जेवण देतो आणि ऊसतोडीच्या सीझनमध्ये ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांवर जातो. एवढ्या वर्षांत आमच्याकडून बऱ्याच चुका झाल्या, काही तर लाज वाटावी अशा. सध्या गावोगावचे क्लब, मंडळं, कट्टे हे काम सुरू करतायत, खूप चांगली गोष्ट आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

आपल्या वेळेला जेवण नेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि आम्ही ती दोन सीझन केली. सकाळी आठला स्वयंपाक, साडेदहाला पॅकिंग, अकरा-साडेअकराला गाडी टोळीवर. आम्हाला सोयीचं, कारण दुपारी प्रत्येकाला आपापल्या घरी जेवायला जायचं असतं. पण ऊसतोडीच्या माणसाचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो, अंधारात भाकरी थापून बांधून घेऊन नवरा-बायको दोघं उसाच्या फडात गेलेले असतात, आणि आपण अकराला पोचतो तेव्हा कोप्यांजवळ, म्हणजे त्यांच्या झोपड्यांजवळ, असतात ती म्हातारी माणसं, लहान पोरं आणि पोरांना सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी. आम्ही शंभर पाकिटं घेऊन गेलो होतो. त्या मुलीने आमच्याकडून वीस-बावीस पाकिटं घेतली, कोपीत ओळीने मांडून ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, आई दिवे लागल्यावर येती, तवा खाईल. दिवे लागायला अजून सात-साडेसात तास होते आणि पाकिटात मटारभात होता.

त्या दिवशी परत येताना गाडीत कुणीच फारसं बोललं नाही. पुढच्या आठवड्यापासून वेळ बदलली, आता संध्याकाळी साडेसातच्या पुढे जातो, गाड्या भरून माणसं परतलेली असतात आणि हातपाय धुऊन चुलीपाशी बसायच्या आत गरम जेवण हातात पडतं. बाईला त्या दिवशी स्वयंपाक करावा लागत नाही, ती अर्धा तास लवकर आडवी होते, खरी मदत ती आहे.

दवाखान्याबाहेरही तोच हिशोब. दुपारी बऱ्याच ठिकाणी काही ना काही मिळतं. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, आणि तुमच्या भागात केंद्र चालू असेल तर दुपारची सोय होऊन जाते, शिवाय इतर संस्थासुद्धा दुपारीच येतात. रिकामी राहते ती रात्र आणि सकाळ. रात्री नऊला ओपीडीच्या पायऱ्यांवर जाऊन अर्धा तास बसा, कोण काय खातंय ते बघा, बिस्किटाचा पुडा आणि चहा एवढ्यावर झोपणारी किती माणसं आहेत ते मोजा. आम्ही हे मोजायला फार उशीर केला.

भाताच्या बाबतीत निष्काळजीपणा

हे प्लीज नीट वाचा कारण इथे चूक झाली की माणसं आजारी पडतात. शिजलेल्या भातात एक जंतू वाढतो, बॅसिलस सेरियस नावाचा, त्याचे बीजाणू तांदूळ शिजताना मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलटी आणणारं ते विष नंतर पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे 'परत एक वाफ आणू, काही होत नाही' हे आपल्या घरोघरचं वाक्य इथे उपयोगाचं नाही. साधा नियम असा की गरम जेवण ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे किंवा थंड जेवण ५ अंशांच्या खाली, मधला सगळा पट्टा धोक्याचा. आपल्याकडे फ्रीजची गाडी नसते, म्हणून गरमच ठेवायचं आणि शिजल्यापासून दोन तासांत माणसाच्या हातात पोचवायचं, एप्रिल-मेमध्ये तर तासाभरातच.

आमच्यावर काय वेळ आली ते सांगते. एका रविवारी पातेलं सकाळी साडेआठला उतरवलं, वर घट्ट झाकण, त्यावर गोणपाट, आणि वाटेत गाडी बंद पडली म्हणून पोचायला एक वाजला. झाकण काढलं तर वरून भात छान मोकळा दिसत होता पण वास किंचित आंबूस, आणि मधून उलथनं घातलं तर बारीक तार सुटल्यासारखं झालं. समोर लाईन लागलेली. एकजण म्हणाला वरचा वरचा वाढू, चांगला आहे. आमच्यातल्या सिस्टरनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि नाही म्हणजे नाही म्हणाल्या. जवळच्या बेकरीतून पाव आणि केळी आणून वाटली, सव्वाशे माणसांचा भात खड्ड्यात गेला. वाईट वाटलं, तांदूळ देणाऱ्या ताईंना फोन करून सांगतानासुद्धा वाईट वाटलं, पण त्या दिवशी वाढला असता तर काय झालं असतं याचा विचार केला की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून आता असं करतो. लांब जायचं असेल तर भात नेतच नाही, चपात्या किंवा भाकरी, कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. ओलं खोबरं, दही, उकडलेला बटाटा असलेले पदार्थ उन्हाळ्यात पूर्ण बंद. चपात्या गरम गरम प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायच्या नाहीत, घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत चिकट होतात, आधी सुती कापडावर पसरून वाफ जाऊ द्यायची मग कागदात बांधायच्या. भात न्यायचाच असेल तर जाड बुडाचा मोठा थर्मल डबा घ्या, क्लबचा पहिला खर्च तोच करा, बॅनरच्या आधी. आणि प्रत्येक डब्यावर खडूने किंवा चिकटपट्टीवर पदार्थ, कुठे बनला आणि उतरवल्याची वेळ लिहा. एवढी एक सवय लागली तरी निम्मी भांडणं मिटतात, कारण 'आत्ताच तर केलंय' असं कुणी म्हणू शकत नाही.

अंदाज चुकतो असं बरेच जण सांगतात. कच्चा तांदूळ माणशी १०० ग्रॅम धरा, कष्टकरी लोकांसाठी १२० ते १५०, चपात्या चार. ऊस तोडून आलेल्या माणसाला आपल्या घरच्या मापाने वाढू नका.

लग्नातलं उरलेलं

रात्री साडेअकराला फोन येतो, दोनशे ताटं उरलीत, येता का. मन होत नाही नाही म्हणायला. पण ते अन्न सात वाजल्यापासून काउंटरवर उघडं आहे, त्यात पनीर आहे, बासुंदी आहे, आणि तुम्ही ते सकाळी वाटणार. याबाबत सरकारचे नियमसुद्धा आहेत, एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी वेगळी नियमावली काढली, क्लब नियमित हे काम करत असेल तर ती एकदा वाचा आणि नोंदणीचं बघून घ्या. आम्ही मंगल कार्यालयांना आधीच सांगून ठेवलंय की पहिली पंगत उठली की अंदाज कळवा, आणि पातेल्यात राहिलेलं, ताटाला किंवा काउंटरला न लागलेलं अन्नच आम्ही घेतो. ते पण त्याच रात्री वाटायला माणसं असतील तरच. माणसं नसतील तर सरळ नाही म्हणायचं, दुसऱ्या ग्रुपचा नंबर द्यायचा. सुरुवातीला लोक रागावतात, मग त्यांना पटतं.

सगळ्यांनी एकाच दिवशी जाणं

१५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, नेत्यांचे वाढदिवस, सर्वपित्री अमावास्या. या दिवशी दवाखान्याच्या गेटवर चार-चार गाड्या उभ्या असतात, एकाच माणसाच्या हातात तीन पाकिटं, आणि संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात पुऱ्या. मंगळवारी मात्र कुणी नाही. गावातल्या सगळ्या ग्रुपांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि वार वाटून घ्या, बस, यात फार काही नाही. वाढदिवसाला देणगी देणाऱ्याला सांगा की पैसे त्याच दिवशी घेतो, जेवण मंगळवारी देतो, त्याच्या नावाने. आजवर एकानेच नकार दिला.

कोण खाणार हे न विचारणं

मिरजेला कुठून कुठून पेशंट येतात, कोकणातून, कर्नाटकातून, जतकडून. एकदा एक आजोबा लाईनीत तीनदा आले आणि तीनदा काही न घेता बाजूला झाले. शेवटी विचारलं तर म्हणाले, बाई, मला भूक नाही हो, गरम पाणी मिळालं असतं तर, आमची वर आहे तिला पावडर कालवून द्यायची आहे. त्यांच्या हातात स्टीलचा छोटा तांब्या होता, धोतराच्या सोग्याने धरलेला. आमच्याकडे दीडशे माणसांचा मसालेभात होता आणि गरम पाणी नव्हतं. खालच्या टपरीवरून तांब्या भरून आणला तेव्हा पाण्याचे पैसे किती झाले म्हणून ते खिसा चाचपत होते.

तेव्हापासून गाडीत गरम पाण्याचा मोठा थर्मास असतोच, आणि खरं सांगायचं तर काही दिवस जेवणापेक्षा त्याला जास्त माणसं येतात. मऊ खिचडी किंवा पेज बिनतिखटाची थोडी वेगळी ठेवतो. पण पेशंटसाठी काही देताना वॉर्डातल्या सिस्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, कुणाला मीठ बंद असतं, कुणाला शुगर असते, केमो चालू असलेल्यांना कच्चं कापलेलं फळ, कोशिंबीर असलं सहसा चालत नाही. आपण प्रेमाने दिलेला शिरा एखाद्याला महागात पडू शकतो.

टोळ्यांवर जाताना पण विचारा, आणि मुकादमाला विचारून थांबू नका, बायकांना विचारा. आम्ही एका वर्षी प्रत्येक कोपीला दहा किलो गहू दिले. बीडकडची माणसं, घरी ज्वारी-बाजरी खाणारी, गहू दळायला गिरणी तिथून सहा किलोमीटर. एका मावशींनी हसत सांगितलं, पीठ दिलं असतं तर आजच भाकरी टाकली असती. आता किट म्हणजे ज्वारीचं पीठ, तूरडाळ, गोडेतेल, शेंगदाणे, कांदे, लसूण, मीठ, काडेपेटी आणि अंगाचा साबण. पीठ जास्त दिवसांचं देऊ नका, जाळी धरते.

अजून एक गोष्ट जिच्याकडे आमचं लक्षच नव्हतं. अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशनचं धान्य 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळे आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातसुद्धा घेता येतं, अंगठा लावून, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो. पण टोळीवरच्या कित्येकांना हे माहीतच नसतं, किंवा माहीत असून दुकानात एकटं जायला धीर होत नाही. आमच्यातले मास्तर आता दर सीझनला दोन दिवस काढतात, लोकांना घेऊन जवळच्या रेशन दुकानात जातात. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो धान्य, आमच्या कुठल्याही किटपेक्षा जास्त.

फोटो

थोडक्यात लिहिते. पाकीट धरलेल्या माणसाचा हात आणि आपला हात आणि मागे बॅनर, हा फोटो काढू नका. पुराच्या वेळी एका शाळेतल्या छावणीत एक बाई पदराने तोंड झाकून लाईनीत उभ्या होत्या, स्वतःचं किराणा दुकान असलेल्या, आठवड्यापूर्वी त्याच इतरांना उधारीवर माल देत होत्या. देणगीदारांना हिशोब दाखवायचा असेल तर पातेल्याचा, पोत्यांचा, बिलांचा फोटो पाठवा. आमच्या देणग्या त्याने कमी झाल्या नाहीत.

मध्येच काही अडलं तर

गर्दी अंगावर आली तर वाढणं थांबवू नका, लाईन दोन करा, बायका-पोरं आणि म्हाताऱ्यांची वेगळी. आणि किती पाकिटं आहेत ते सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, संपल्यावर सांगितलं की माणसं चिडतात आणि त्यांचं चुकत नाही.

अन्न कमी पडलं तर हाताशी केळी, भाजके शेंगदाणे, गुळाचे खडे ठेवा.

उरलं तर दुसरी जागा आधीच ठरलेली असू दे, गाडीत बसून फोन लावत बसलात तर दोन तासांची मुदत तिथेच संपते.

कुणाला नंतर त्रास झाला असं कळलं तर लपवू नका, लगेच दवाखान्यात सांगा, काय आणि किती वाजता बनवलं होतं ते सांगा. यासाठी प्रत्येक पदार्थाची छोटी डबी आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवतो, ही केटरिंगवाल्या काकांची शिकवण.

आणि मेंबर गळायला लागले तर दर रविवारचा हट्ट सोडा. आम्ही मध्ये तीन महिने महिन्यातून दोनदाच गेलो, पण ज्या दिवशी येतो म्हटलं त्या दिवशी गेलो. दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याकडे आमचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, लोक त्याला विचारतात, आज सांगलीची गाडी आहे का, आणि तो बघून सांगतो.